जलविद्युतला नवे संशोधक कुठून मिळणार? अमेरिकेतल्या एका फेलोशिपचं गणित

जलविद्युतमध्ये आता नवीन शोधायचं काय राहिलंय? अभियांत्रिकीच्या हुशार मुलांना हा प्रश्न पडतो आणि तो वावगा नाही. जेम्स फ्रान्सिसने मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या कापडगिरण्यांसाठी आपलं टर्बाइन 1840च्या दशकाच्या अखेरीस बसवलं. कॅलिफोर्नियाच्या खाणपट्ट्यात लेस्टर पेल्टनने आपल्या चाकाचं पेटंट 1880 मध्ये घेतलं. व्हिक्टर कॅपलनचं टर्बाइन 1913चं. आज जगभरात फिरणारी मोठी टर्बाइन बहुतेक या तिघांच्याच घराण्यातली. त्यात भर म्हणजे चांगल्या स्थितीतलं फ्रान्सिस टर्बाइन पाण्याची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा पकडतं. सौर पॅनेलवर काम करणाऱ्याला वीस-पंचवीस टक्क्यांसाठी झगडावं लागतं, पण तिथे दर वर्षी काहीतरी नवं घडतं, पेपर छापून येतात, कंपन्या निघतात. मग पीएचडीची उमेदीची चार-पाच वर्षं कोणी धरणात का घालवावीत?

अमेरिकेत एक काळ असा आला की खरोखरच फारसं कोणी घालवेनासं झालं. त्यावर तिथल्या उद्योगाने आणि सरकारने काढलेला एक तोडगा म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची खास जलविद्युत संशोधन फेलोशिप. वरवर पाहता ही साधी शिष्यवृत्ती वाटते. पण तिची रचना नीट पाहिली, तर एखाद्या क्षेत्रातून हुशार माणसं का निघून जातात आणि परत कशी आणता येतात, हे बऱ्यापैकी कळतं.

खड्डा कसा पडला

अमेरिकेत मोठी धरणं बांधण्याचा धडाका साधारण 1930 ते 1970च्या दशकांत झाला. हूवर धरणातून 1936 मध्ये वीज सुरू झाली, बॉनव्हिल धरण 1938चं, ग्रँड कूलीची वीज 1941 पासून. ग्रँड कूली पुढे वाढत वाढत 6,809 मेगावॉटवर पोचलं आणि आजही क्षमतेच्या हिशेबात ते तिथलं सगळ्यात मोठं वीजकेंद्र आहे. या काळात विद्यापीठांमध्ये जलयंत्रशास्त्र हा मानाचा विषय होता. प्रयोगशाळांमध्ये टर्बाइनची छोटी प्रतिरूपं फिरत होती आणि शिकून बाहेर पडलेल्याला नोकरी हमखास होती.

मग बांधकाम थांबलं. चांगल्या जागा संपल्या होत्या. 1973च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यासारख्या कायद्यांनी नदीचा विचार करणं भाग पाडलं, ते योग्यच झालं. नवीन धरण नाही म्हणजे नवीन टर्बाइन नाही, नवीन टर्बाइन नाही म्हणजे नवीन अभियंते नकोत. विद्यापीठांनी अभ्यासक्रम गुंडाळले, प्रयोगशाळांच्या जागा दुसऱ्या विषयांना गेल्या. ज्या पिढीने धरणं बांधली तीच ती चालवत राहिली आणि एकाच सुमारास भरती झाल्यामुळे निवृत्तही एकाच सुमारास व्हायला लागली.

धरणं मात्र निवृत्त झाली नाहीत. अमेरिकेत आजही सुमारे 80 हजार मेगावॉटची पारंपरिक जलविद्युत आणि 20 हजार मेगावॉटहून जास्त उदंचन (पाणी पंपाने वर चढवून साठवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडायचं) क्षमता आहे. देशाच्या एकूण विजेत जलविद्युतचा वाटा साधारण 6 टक्के. वाटा लहान दिसतो. पण ग्रिड अडखळलं की काही मिनिटांत वीज वाढवून देणारी जी थोडी साधनं हाताशी असतात, त्यांत हे संच पुढे असतात. शिवाय खाजगी प्रकल्पांना संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाकडून जास्तीत जास्त 50 वर्षांचा परवाना मिळतो. तो संपला की सगळा अभ्यास नव्याने करावा लागतो: मासे, पाण्याची प्रत, गाळ, खालच्या गावांचा पाण्यावरचा हक्क. आणखी एक गोष्ट. त्या देशात नोंदलेली 90 हजारांवर धरणं आहेत, त्यांतली जेमतेम 3 टक्के वीज तयार करतात. बाकीची पूर रोखायला, शेतीला, जहाजं चालवायला. त्यांतल्या काहींवर संच बसवता येतील का, हा प्रश्न एकट्या स्थापत्य अभियंत्याच्या आवाक्यातला नाही.

म्हणजे काम होतं. करणारे हात नव्हते. आणि हात का नव्हते, याचं कारण पगारापेक्षा पीएचडीच्या अर्थकारणात जास्त सापडतं.

पैसा कोणाच्या खात्यावर

अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीची पीएचडी करणारा विद्यार्थी सहसा पदरची फी भरत नाही. त्याचा प्राध्यापक एखाद्या सरकारी खात्याकडून किंवा कंपनीकडून संशोधनाचा प्रकल्प मिळवतो आणि त्या पैशातून विद्यार्थ्याची फी आणि महिन्याचा खर्च निघतो. याला रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. बाहेरून छान दिसणाऱ्या या व्यवस्थेत एक गोम आहे. प्रकल्पाचा विषय ठरलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याचा विषयही आपोआप ठरतो. बॅटरीवर निधी असेल तर बॅटरीवर प्रबंध.

आता जलविद्युत पाहा. ऊर्जा खात्याचा जलविद्युत संशोधनाचा निधी 2000च्या दशकाच्या मध्यात जवळपास आटला होता. निधी नाही म्हणून प्राध्यापक त्या विषयात प्रकल्प मागत नाहीत. प्रकल्प नाही म्हणून विद्यार्थी घेत नाहीत. विद्यार्थी तयार होत नाहीत म्हणून दहा वर्षांनी त्या विषयाचे प्राध्यापकही उरत नाहीत, आणि मग निधी आला तरी तो मागायला कोणी नसतं. हे चक्र एकदा उलटं फिरायला लागलं की नुसतं 'या क्षेत्रात खूप संधी आहेत' असं पत्रक काढून थांबत नाही.

फेलोशिप या चक्रात वेगळ्या जागी हात घालते. इथे पैसा प्राध्यापकाच्या प्रकल्पाला न देता विद्यार्थ्याच्या नावावर दिला जातो. तो ज्या प्राध्यापकाकडे जाईल तिथे पैसा त्याच्याबरोबर जातो. प्राध्यापकाच्या बाजूने हा सौदा अगदी सोपा असतो. द्रवयांत्रिकीत मुरलेला, आजवर विमानांच्या पंखांवर काम केलेला माणूस फुकट मिळणारा चांगला विद्यार्थी नाकारत नाही, आणि विद्यार्थ्याच्या निमित्ताने स्वतःही टर्बाइनच्या पात्यांकडे वळतो. एका फेलोच्या पैशात दोन माणसं या विषयात येतात ती अशी.

2008च्या सुमारास ऊर्जा खात्याचा जलऊर्जा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. त्याच्या मदतीने हायड्रो रिसर्च फाउंडेशन या ना-नफा संस्थेने 2010 पासून हायड्रो फेलो निवडायला सुरुवात केली. ही संस्था उद्योगाच्या पुढाकारातून उभी राहिलेली. पुढे तिचं नाव हायड्रोपॉवर फाउंडेशन झालं. फेलोशिप पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. विषय यांत्रिकी, विद्युत आणि स्थापत्यपुरते मर्यादित नव्हते. मत्स्यजीवशास्त्र, जलविज्ञान आणि वीजबाजाराचं अर्थशास्त्रही त्यात बसत होतं. एकीकडे सरकारचा निधी, दुसरीकडे कंपन्यांचा सहभाग.

माझ्या मते या योजनेतला खरा ऐवज पैशात नव्हता. तो होता उद्योगातल्या मार्गदर्शकात. प्रत्येक फेलोला विद्यापीठातल्या प्राध्यापकाखेरीज उद्योगातला एक जाणता माणूस जोडून दिलेला असे. त्याचबरोबर उद्योगाच्या वार्षिक संमेलनाला जाणं, तिथे आपलं काम मांडणं, वीजगृहात प्रत्यक्ष उतरणं. यामुळे काय साधतं? प्राध्यापक सांगतो की तुझं समीकरण बरोबर आहे. वीजगृहातला माणूस सांगतो की असला सेन्सर ड्राफ्ट ट्यूबच्या, म्हणजे टर्बाइनखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या भिंतीवर आठवडाभरही टिकणार नाही. दोन्ही ऐकलेला विद्यार्थी जो प्रबंध लिहितो, तो कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी. शिवाय प्रबंध संपतो तेव्हा त्याच्या ओळखीची दहा-वीस माणसं त्या उद्योगात असतात, आणि पहिली नोकरी बहुतेक वेळा ओळखीतूनच मिळते. हे अमेरिकेत जितकं खरं आहे तितकंच आपल्याकडे.

उरलंय ते काय: एक पिळवटलेला भोवरा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्वद टक्क्यांवर पोचलेल्या यंत्रात संशोधन कशाचं?

ती नव्वद टक्के कार्यक्षमता एका ठरावीक प्रवाहाला मिळते. टर्बाइन रचणारा माणूस एक बिंदू धरून पात्यांचे वळण ठरवतो: इतक्या उंचीचं पाणी, इतका प्रवाह, इतके फेरे. त्या बिंदूवर रनरमधून, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकातून, बाहेर पडणारं पाणी जवळजवळ सरळ खाली जातं. जुन्या काळी संच बहुतेक वेळ त्याच्या आसपास चालायचे, त्यामुळे बाकीच्या परिस्थितीत काय होतं याची चिंता कमी होती.

पवन आणि सौर विजेने हे बदललं. ढग आला, वारा पडला की ग्रिडला लगेच वीज हवी. ऊन पडलं की नको. हा झोल सावरायला जलविद्युतचे संच कमी-जास्त केले जातात. रनरकडे येणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपा, म्हणजे गाइड व्हेन, अर्धवट मिटून संच निम्म्या भारावर चालवला की रनरमधून बाहेर पडणारं पाणी स्वतःभोवती गरगरत खाली उतरतं. ड्राफ्ट ट्यूबच्या मधोमध कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो आणि तो सरळ न राहता पिळवटून फिरायला लागतो. अभियंते त्याला व्होर्टेक्स रोप म्हणतात. हा भोवरा रनरच्या फेऱ्यांच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वेगाने फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला यंत्राला एक धक्का देतो.

हिशेब करून पाहू. मिनिटाला 143 फेरे घेणारं मोठं फ्रान्सिस टर्बाइन घ्या. त्याच्याखालचा भोवरा दर सव्वा ते पावणेदोन सेकंदांनी एक ठोका देईल. दिवसाला चार तास जरी असं चालवलं, तरी वर्षाला साधारण तीस ते चाळीस लाख ठोके होतात. एकेक ठोका किरकोळ. पण तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवून तुटते, तसंच पोलादाचंही होतं. याला धातूची थकवा-झीज म्हणतात, आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी आत बरीच पुढे गेलेली असते.

याची किंमत किती असू शकते, ते सायबेरियात दिसलं. येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात 640 मेगावॉटचे 10 संच होते. 17 ऑगस्ट 2009 रोजी दोन क्रमांकाच्या संचाचं वरचं झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले. दोनशे मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाने शेकडो टनांचा संच जागेवरून उचलला गेला, वीजगृह पाण्याने भरलं आणि 75 माणसं गेली. चौकशीत बोल्टमध्ये थकव्याच्या भेगा आढळल्या. हा संच ग्रिडचा भार सावरण्यासाठी सतत कमी-जास्त केला जात होता, आणि तसं करताना ज्या टप्प्यात चालवू नये अशी शिफारस होती त्या टप्प्यातून तो वारंवार जात होता. देखभालीतल्या हलगर्जीपणाचा वाटा मोठाच होता, सगळा दोष भोवऱ्यावर ढकलता येणार नाही. पण त्या दिवसानंतर 'अर्ध्या भारावर संच चालवला तर काय होतं' हा प्रश्न वर्गातला राहिला नाही.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला इथे भरपूर काम आहे. भोवरा मोडण्यासाठी रनरच्या मध्यातून पाण्याची एक धार सोडावी का? हवा सोडावी का, आणि किती? ड्राफ्ट ट्यूबच्या भिंतीवर पट्ट्या बसवल्या तर पूर्ण भारावर किती टक्के कार्यक्षमता गमवावी लागेल? संगणकावर हा प्रवाह सोडवायचा म्हटलं तर कोट्यवधी छोट्या पेशींची जाळी आणि आठवडे चालणारी गणितं लागतात, आणि उत्तर खरं आहे की नाही हे प्रतिरूपावर मोजल्याशिवाय कळत नाही. विमानाच्या पंखावर काम केलेल्या मुलीला किंवा मुलाला हे गणित ओळखीचं वाटतं. फेलोशिपने नेमकं तेच गिऱ्हाईक पकडायचं असतं.

मासा होऊन टर्बाइनमधून जाणं

दुसरा प्रश्न जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. कोलंबिया आणि स्नेक नद्यांवर सॅमन माशांची पिल्लं समुद्राकडे जाताना एकामागून एक धरणं ओलांडतात. काही सांडव्यावरून जातात, काही टर्बाइनमधून. पात्याचा फटका बसून मासा मरतो हे कोणालाही सुचेल. पण बरेच मासे फटका न बसताही मरतात, ते दाबामुळे. पेनस्टॉकमधून, म्हणजे टर्बाइनकडे पाणी आणणाऱ्या मोठ्या नळातून, खोल जाताना दाब वाढतो आणि पात्यांमधून बाहेर पडताना क्षणार्धात एकदम कोसळतो, कधी बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती या क्षणात फुगते आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फाटतात.

हे मोजायचं कसं? वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने त्यासाठी सेन्सर फिश नावाचं उपकरण बनवलं. सुमारे 9 सेंटीमीटर लांबीची ही नळी, म्हणजे सॅमनच्या पिल्लाच्याच आकाराची. तिच्यात दाब, त्वरण आणि गिरक्या सेकंदाला दोन हजार वेळा नोंदवणारी यंत्रणा. वरून सोडायची, खाली गोळा करायची, आणि आतल्या नोंदींवरून माशाने काय सोसलं ते वाचायचं. स्नेक नदीवरच्या आइस हार्बर धरणात माशांचा विचार करून रचलेला पहिला नवा रनर 2019 मध्ये बसवला गेला, त्यामागे अशा मोजमापांची बरीच वर्षं आहेत. इथे यांत्रिकीचा माणूस आणि मासे जाणणारा माणूस एका टेबलावर बसल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. विद्यापीठात हे दोन विभाग वेगवेगळ्या इमारतींत असतात. फेलोच्या प्रबंध-समितीत दोन्हीकडची माणसं घातली की निदान वर्षातून दोनदा तरी ती भेटतात, ही त्यातली गंमत.

बाकीचे विषय थोडक्यात. खोल जलाशयाच्या तळाचं पाणी उन्हाळ्यात प्राणवायूविना असतं, तेच टर्बाइनमधून नदीत गेलं तर खालचे मासे गुदमरतात. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने टर्बाइनमध्येच हवा मिसळण्याचे प्रयोग नॉरिस धरणावर केले. उदंचन प्रकल्पांचं अर्थकारण हा आणखी एक. रात्री किंवा भर दुपारी स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी महाग वीज विकायची. वाटेत वीस ते तीस टक्के ऊर्जा गमवायची आणि तरी फायद्यात राहायचं. व्हर्जिनियातला 3,003 मेगावॉटचा बाथ काउंटी प्रकल्प 1985चा, अणुविजेच्या काळातला. आज सौर विजेच्या काळात त्याचं वेळापत्रक कसं असावं, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रबंध होऊ शकतो.

जे फेलोशिपने होत नाही

आता थोडं खरं बोलू. जलविद्युत उद्योगाला सगळ्यात जास्त टंचाई पीएचडीवाल्यांची नाहीच. वीजगृहात लागतात ते ऑपरेटर, वायरमन, फिटर, पाण्याखाली वेल्डिंग करणारे, रिले तपासणारे तंत्रज्ञ. ती माणसं दोन वर्षांच्या कॉलेजांतून आणि उमेदवारीतून येतात. दहा फेलो घेतले म्हणून एका वीजगृहाची रात्रपाळी भरत नाही. फेलोशिपचं काम वेगळं: पुढच्या पिढीचे प्राध्यापक, आरेखक आणि परवान्याच्या वाटाघाटीत टेबलावर बसणारे तज्ज्ञ तयार करणं. ही दोन्ही दुखणी एकाच गोळीने बरी होतील असं सांगणाऱ्या पुस्तिकेवर विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण निधीच्या लहरीपणाची. पीएचडीला पाच वर्षं लागतात, सरकारचा अर्थसंकल्प दर वर्षी बदलतो. आज जाहीर झालेली योजना तीन वर्षांनी बंद पडली तर मधल्या विद्यार्थ्याने काय करायचं? पुढच्या काळात ऊर्जा खात्याने पदवीच्या मुलांपर्यंत पोचायला सुरुवात केली. 2022-23 पासून हायड्रोपॉवर कॉलेजिएट कॉम्पिटिशन ही स्पर्धा सुरू झाली. खर्च कमी, मुलं जास्त, दिखावाही चांगला. पण स्पर्धेत जिंकलेला संघ आणि पाच वर्षं एकाच भोवऱ्यामागे लागलेला संशोधक यांत फरक आहेच.

तिसरी गोष्ट आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांनी ऐकण्यासारखी. अमेरिकेतल्या जलविद्युत क्षमतेपैकी जवळपास निम्मी संघराज्य सरकारच्या हातात आहे: आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, ब्युरो ऑफ रेक्लमेशन आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी. सरकारी नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं. नॅशनल सायन्स फाउंडेशनची 1952 पासून चालत आलेली पदवीधर फेलोशिपसुद्धा नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. त्यामुळे पुणे-नागपूरहून एमएस करायला गेलेल्या मुलाने जलविद्युतचा विषय घेण्याआधी नोकरी कोण देणार ते विचारून घ्यावं. टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्या आणि सल्लागार संस्था आहेत, पण दार तेवढंच उघडं आहे.

आपल्याकडे

भारतात या विषयाचं जुनं ठाणं म्हणजे रुरकी. तिथे 1982 मध्ये पर्यायी जलऊर्जा केंद्र सुरू झालं, तेच आज आयआयटी रुरकीचा जल आणि नवीकरणीय ऊर्जा विभाग आहे, टर्बाइनच्या प्रयोगशाळेसह. आपल्या प्रश्नांचा तोंडवळा अमेरिकेहून वेगळा. सतलजवरच्या 1,500 मेगावॉटच्या नाथपा झाकडी केंद्रात पावसाळ्यात गाळ हद्दीबाहेर गेला की संच बंद करावे लागतात, कारण पाण्याबरोबर येणारी गारगोटीची बारीक पूड पोलादाची पाती खरवडून काढते. त्यावर टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात. लेप किती जाड, कुठल्या कोनात, किती हंगाम टिकेल, हे सगळे संशोधनाचे विषय. काठमांडू विद्यापीठात याच प्रश्नासाठी टर्बाइन तपासणी प्रयोगशाळा उभी राहिली, ती नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाच्या साथीने. नेपाळी विद्यार्थी तिकडे शिकले आणि परत येऊन त्यांनी नेपाळमध्ये काम उभं केलं. फेलोशिप चांगली चालली तर काय होतं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

पैशाच्या बाबतीत आपली व्यवस्था अमेरिकेहून एका अंगाने बरी आहे. नेट परीक्षेत जेआरएफसाठी (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला महिना 37,000 रुपये (जानेवारी 2023 पासूनचा दर) त्याच्या नावावर मिळतात, दोन वर्षांनी 42,000. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप 70,000 पासून सुरू होते. म्हणजे विषय निवडायचं स्वातंत्र्य कागदावर आहे. नाही तो वीजगृहातला माणूस. जेआरएफ घेतलेल्या विद्यार्थ्याला कुठल्या केंद्रातल्या मुख्य अभियंत्याशी जोडून द्यायची सोय त्या योजनेत नाही. ते त्याने ओळखीपाळखीने जमवायचं.

आणि महाराष्ट्राला ही माणसं लवकरच लागणार आहेत. टाटांनी खोपोलीत 1915 मध्ये वीज काढली, मग भिवपुरी आणि भिरा. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. जून 2023 मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट पॉवर यांच्याशी सह्याद्रीतल्या उदंचन प्रकल्पांसाठी करार केले, एकूण 13,050 मेगावॉटचे. करार म्हणजे प्रकल्प नव्हे, त्यांतले किती उभे राहतील आणि जंगलाचं काय, हे प्रश्न वेगळे आणि गंभीर. पण निम्मे जरी झाले तरी पंपही होणारी आणि टर्बाइनही होणारी, दिवसातून अनेकदा दिशा बदलणारी यंत्रं समजणारी माणसं कुठल्या महाविद्यालयातून येणार, ते आज कोणी सांगत नाही. 1916 मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे, पुण्या-मुंबईत चांगली यांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि कोयनेसारखं 1,960 मेगावॉटचं केंद्र हाताच्या अंतरावर आहे.

कोयनेचंच उदाहरण घ्या. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाणी मोजकं म्हणून संच मुख्यतः कमाल मागणीच्या वेळी चालवायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा चालू-बंद. आता दुपारी सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी मागणी एकदम चढते, त्यामुळे हे चालू-बंद आणखी वाढेल. एका टीएमसीमागे किती वेळा संच सुरू केला, त्यातून रनरची आणि बेअरिंगची झीज किती झाली, आणि तेच पाणी चारऐवजी तीन संचांतून सोडलं असतं तर वर्षाअखेर किती युनिट आणि किती दुरुस्ती वाचली असती? यासाठी लागणाऱ्या नोंदी वीजगृहाच्या नियंत्रण कक्षात दर मिनिटाला साठत असतात. त्या विद्यार्थ्याच्या हातात देण्याची परवानगी आणि त्या वाचायला शिकवणारा एक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा अभियंता, एवढ्यावर पीएचडीचे दोन प्रबंध सहज निघतील.